राखाडी चौकोन

१

धाकटी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांची बॅग होती आणि काखेत एक मोठा पिवळा लिफाफा. बॅग तिने दाराशीच ठेवली. लिफाफा मात्र आत आणला. घर सोडून येणं ही त्या दिवसाची दुसऱ्या क्रमांकाची बातमी आहे, हे मला तेवढ्यावरून कळलं.

धाकटी ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई आता नाही. धाकटी शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. लोकांच्या नळाला येणाऱ्या पाण्यात काय काय विरघळलेलं आहे ते मोजणं हे तिचं काम. त्या सकाळपासून ते काम तिच्याकडे नव्हतं. तिला निलंबित केलं होतं.

प्रकरण थोडक्यात असं होतं. काही महिन्यांपूर्वी एका वस्तीच्या पाण्यात शिसं सापडलं, मर्यादेच्या चौपट. धाकटीने तो आकडा धातू मोजायच्या यंत्राच्या पडद्यावर स्वतः पाहिला आणि वर कळवला. वरून अहवाल छापून आला तेव्हा त्यात शिसं मर्यादेच्या आत होतं. सुदैवाने म्हणा किंवा दुर्दैवाने, तिने पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. तो तिने एका बातमीदार मित्राला पाठवला आणि लगेच आपल्या फोनमधून पुसून टाकला. बातमी आली. त्यात फोटो नव्हता, तिचं नाव नव्हतं. खात्याने बातमी निराधार असल्याचं सांगितलं आणि सगळं शांत झालं.

आता तोच फोटो, वहीच्या पानाएवढा मोठा छापलेला, आरोपपत्राला जोडून तिला दिला होता. 'विश्वसनीय मार्गाने मिळालेला', असं वर लिहिलं होतं. शिवाय 'तांत्रिक तपासणीनुसार फोटो अस्सल असून त्यात फेरफार नाही.' कार्यालयीन माहिती बाहेर दिल्याचा आरोप. चौकशी पुढच्या सोमवारी.

मी चष्मा बदलला आणि फोटो उजेडात धरला. निवृत्त होईपर्यंत मी सरकारी तपास प्रयोगशाळेत याच कामावर होते, फोन आणि संगणकातून पुरावे काढायच्या विभागात. त्यामुळे फोटोत काय आहे यापेक्षा फोटो कसा आहे हे मी आधी बघते. यंत्राचा पडदा ठसठशीत दिसत होता. शिशाचा आकडा तर होताच, पण पडद्याच्या कोपऱ्यातला नमुन्याचा बारीक क्रमांकही सहज वाचता येत होता. पडद्याच्या काचेवर मधोमध एक लहानसा राखाडी चौकोन होता. फोटोच्या खालच्या कडेला शून्यांची एक रांग आणि तिच्या शेवटी तीन आकडे छापले होते.

"हा चौकोन कसला?" मी विचारलं.

"उजेड पडला असेल काचेवर. मावशी, ते सोड. नोकरीचं मी बघून घेईन. गेली तर दुसरी शोधेन." तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तो फोटो मी काढला हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक उंट, आणि एक माझा नवरा. त्यांतल्या कोणी दिला तेवढं मला सांग."

"आणि समजा त्याने दिला असला तर?"

"तर ती बॅग परत उचलायची नाही," ती म्हणाली.

२

उंट म्हणजे तो बातमीदार. कॉलेजात त्याच्या उंचीमुळे आणि पुढे आलेल्या मानेमुळे त्याला हे नाव पडलं आणि तो इतका गुणी की त्याने ते स्वीकारलं. वर्तमानपत्राच्या कॅन्टीनमध्ये तो मला भेटला. मी कशासाठी आले ते त्याला कळलं होतं आणि त्याला ते लागलंही होतं, पण त्याने ते आपल्या पद्धतीने झाकलं.

"मावशी, मला तिला विकायचंच असतं तर कॉलेजात असतानाच विकलं असतं. तेव्हा भाव बरा होता."

मी हसले नाही. मग तो गंभीर झाला आणि त्याने सरळ सांगितलं की फोटो त्याने संपादकांनाही पाठवला नव्हता, फक्त आपल्या हातात फोन धरून दाखवला होता. फोन कोणाकडे दिला नाही, दुरुस्तीलाही नाही. कोणी जप्त केला नाही. खात्याच्या कोणाशी त्याचं बोलणं झालं होतं ते फक्त 'आपली बाजू काय' एवढंच. हे सगळं खोटंही असू शकलं असतं. बातमीदार लोक चांगलं खोटं बोलतात; त्यांचा रोज खोटं ऐकण्याचा सराव असतो.

मी त्याला तो फोटो मला दाखव म्हटलं. धाकटीने पाठवलेला होता तसाच तो त्याच्या फोनमध्ये होता. मी दोन बोटांनी कोपरा मोठा केला. नमुन्याचा क्रमांक दिसेना. तिथे नुसते करड्या रंगाचे तुकडे होते, भिजलेल्या शाईसारखे. आणखी मोठा केला तर तुकडेच मोठे झाले.

मग मी फोटोचा मधला भाग पाहिला. काचेवर उजेड नव्हता. काचेत धाकटी होती. फोन डोळ्यांपुढे धरलेली, केस वर बांधलेली, अर्धा चेहरा, चष्म्याची एक काच. धूसर, पण तीच.

"तू निर्दोष आहेस," मी त्याला म्हटलं.

"एवढ्यात? मी अजून माझी बाजू पुरती मांडलीसुद्धा नाही."

त्याला मी समजावून सांगितलं. फोटो निरोपातून पाठवला की पाठवणारी यंत्रणा तो हलका करते. बारीक तपशील वाटेत सांडतो. सांडलेला तपशील परत आणता येत नाही, जसं दुधात पडलेलं पाणी काढून घेता येत नाही. खात्याकडच्या फोटोत तो तपशील शाबूत होता. तेव्हा तो फोटो उंटाकडचा नव्हता. ज्या फोनने काढला त्या फोनमधूनच तो बाहेर आला होता. काचेतल्या चेहऱ्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही. त्याचा अर्थ मलाही अजून लागला नव्हता.

घरी येऊन मी धाकटीला एवढंच सांगितलं की उंटाने दिलेला नाही. तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"म्हणजे दोघांतला एकच उरला," ती म्हणाली. मग तिने मला जे सांगायचं नव्हतं ते सांगितलं. निलंबनाचा कागद हातात पडला त्याच सकाळी, नवरा अंघोळीला गेला असताना, तिने त्याचा फोन उघडून पाहिला होता. त्यात निरोप होता, तिच्याच वडिलांकडून आलेला. तिला तो पाठ झाला होता.

"तिला काही कळता कामा नये. आपण चौकीत गेलो होतो हे तुमच्यामाझ्यातच राहू दे."

३

जावई एका पाइप टाकणाऱ्या कंपनीत अंदाजपत्रकं करतो. कंपनीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे पाणीखातंच. पोलीस असते तर त्यांनी इथेच वही मिटली असती.

तो मला कंपनीच्या आवारात भेटला, माणूस ताठ उभा राहील एवढ्या मोठ्या पाइपांच्या रांगेजवळ. मी आडवळणाने बोलत नाही. मी त्याला विचारलं की सासऱ्यांबरोबर पोलीस चौकीत तो कशासाठी गेला होता.

 तो म्हणाला, "तिने माझा फोन कधी उघडला?"

"तू अंघोळीला गेलास तेव्हा."

तो हसला, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "कुलूप तिच्या वाढदिवसाचंच आहे. उघडायला फार त्रास पडला नसेल."

मग तो कोरडेपणाने बोलायला लागला, जणू मी कोणी सरकारी माणूस आहे. ज्या वस्तीत शिसं निघालं तिथलं काम त्याच्या कंपनीचं नव्हतं. तिथे पाइप कोणाचे आहेत हे खात्याच्या फलकावरच लिहिलेलं आहे, मी जाऊन पाहावं. फोटोबद्दल त्याला माहीत होतं कारण धाकटीनेच त्याला दाखवला होता, आणि त्याने तेव्हा तिला एकच प्रश्न विचारला होता, की तू त्या वस्तीतल्या लोकांना कधी सांगणार. चौकीबद्दल मात्र तो बोलणार नव्हता. त्याने शब्द दिला होता.

"मावशी, तिने मला विचारलं असतं तर एवढं मी तिलाही सांगितलं असतं. तिने मला नाही विचारलं. फोनला विचारलं."

 

मी निघाले तेव्हा तो माझ्यामागे फाटकापर्यंत आला. "बाबांना विचारा," तो म्हणाला. "पण हळू विचारा. माणूस अजून सावरलेला नाही."

४

भावोजी दार उघडायला वेळ लावत नाहीत, पण त्या दिवशी आतून दोनदा 'कोण' असं विचारल्यावर त्यांनी कडी काढली. जन्मभर त्यांनी बँकेत काढला. खातेदारांना 'अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नका' असं सांगणारी पाटी त्यांनीच आपल्या हाताने काउंटरवर लावली होती. म्हणूनच त्यांना सांगायला इतकं जड जात होतं.

एका सकाळी त्यांना फोन आला. पलीकडे गणवेशातला अधिकारी दिसत होता. तुमच्या नावावर गुन्हा आहे, असं तो म्हणाला. चौकशी पुरी होईपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाला फोन करायचा नाही. भावोजी खुर्चीत बसून राहिले. पाणी प्यायला त्यांनी परवानगी मागितली. मोरीत जायलाही मागितली. दुपार उलटल्यावर जावई काहीतरी द्यायला म्हणून सहज आला, त्याने ते पाहिलं आणि फोन हिसकावून बंद केला. पैसे गेले नाहीत. गेलं ते दुसरंच काही.

"मी हात जोडले होते हो त्याला," भावोजी म्हणाले. "जावयाने पाहिलं ते. मुलीला कळलं असतं तर तिच्यासमोर मी कसा बसलो असतो?"

जावई त्यांना चौकीत घेऊन गेला. तिथल्या अधिकाऱ्याने आपुलकीने ऐकून घेतलं. फोन कुठून आला ते शोधायला यंत्राला लावावा लागेल, फोन ठेवून जा, इथे सही करा, असं सांगितलं. भावोजींनी सही केली. काय लिहिलं होतं ते वाचलं का, या माझ्या प्रश्नावर ते ओशाळले. पोलिसांनी पुढे केलेला कागद वाचत बसणं त्यांना अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं होतं.

"कोणता फोन दिलात?"

त्यांनी खिशातून काढून माझ्या हातात ठेवला. मी तो ओळखला. धाकटीचा जुना फोन. नवा घेतला तेव्हा तिने हा वडिलांना दिला होता.

 मी विचारलं की देताना तिने तो पुरता कोरा का केला नव्हता. ती शास्त्र शिकलेली मुलगी. तिला हे कळायला हवं होतं. भावोजींनी फोन परत घेतला आणि एक जागा दाबली. खोलीत माझ्या बहिणीचा आवाज आला. 'अगं, येताना साबण आण, आणि भांडू नकोस त्याच्याशी उगाच.' ताईला टाइप करायचा कंटाळा. ती आयुष्यभर बोलूनच निरोप पाठवायची. ते सगळे निरोप या फोनमधल्या मेमरी कार्डात होते. कोरा केला असता तर ते गेले असते. म्हणून धाकटीने फक्त आपले फोटो एकेक करून पुसले आणि बाकीचं वडिलांसाठी तसंच ठेवलं.

पुसलं, म्हणजे नावं खोडली. कार्डावर फोटो तिथेच पडून राहतो, त्या जागी दुसरं काही येऊन बसेपर्यंत. आमचं यंत्र तो उचलतं. मूळ नाव खोडलेलं असल्यामुळे मग यंत्रच त्याला नवा क्रमांक देतं: शून्यांची एक रांग आणि शेवटी तीन आकडे. छापलेल्या फोटोच्या खाली जे होतं तेच. निम्मी नोकरी मी ते आकडे पाहण्यात घालवली होती आणि धाकटीच्या लिफाफ्यातले ते पाहूनही त्यांच्यावरून नजर पुढे नेली होती.

म्हणजे भावोजींचा फोन चौकीतून आमच्या प्रयोगशाळेत गेला होता. एका कॉलचा मागोवा घ्यायला दिलेल्या फोनमधून सगळं काढलं गेलं होतं, अगदी पुसलेलंसुद्धा.

राहिला तो राखाडी चौकोन. उंटाच्या फोटोत त्या जागी धाकटीचा चेहरा होता. कोणीतरी तो झाकला होता, कडा नीट जुळवून, बरोबर चेहऱ्याएवढा. तिला पकडायलाच निघालेल्या माणसाने तिचा चेहरा का झाकावा?

ते करायला एकच कारण असू शकत होतं: सवय. ज्याची तक्रार नाही, ज्याच्यावर आरोप नाही, अशा माणसाचा चेहरा पुराव्यात आला तर छापण्याआधी झाकायचा. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. तो मी घातला होता, आणि तो पाळणारी माझ्याखेरीज एकच होती.

५

तिला आम्ही भिंग म्हणायचो. कारण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. नवीन लागली तेव्हा मी तिला माझ्या शेजारच्या टेबलावर घेतलं आणि मग निवृत्तीपर्यंत ती तिथेच होती. तिच्या आईच्या आजारपणात ती माझ्याकडे राहिली होती. मी तिला विभाग सोपवून आले तेव्हा मला त्यात काही सोपवल्यासारखं वाटलंही नव्हतं; घरातली चावी घरातच राहिली होती.

आता मला आत जाता येत नव्हतं. ती बाहेर आली, अभ्यागतांच्या बाकावर माझ्या शेजारी बसली आणि तिने माझ्या तब्येतीची चौकशी केली. मी लिफाफ्यातून फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो उचलला नाही.

मी तिला क्रमाने सांगितलं. कोपऱ्यातला क्रमांक वाचता येतो म्हणून फोटो मूळ फोनमधला. खाली यंत्राचा क्रमांक आहे म्हणून पुसल्यावर उचललेला. मूळ फोन भावोजींच्या खिशात होता आणि फक्त एकदाच इथे आला होता. आणि चौकोन आहे म्हणून तू.

 ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता. बातमी आल्यानंतर वरून हुकूम आला होता. त्या यंत्राच्या पडद्यासारखी दिसणारी चित्रं शोधायला सांगितली होती, प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये.

"प्रत्येक म्हणजे?"

"येतील ते सगळे."

"ज्यांचा मुलगा हरवलाय त्यांचा? ज्या बाईला कोणी छळतंय तिचा?"

"मॅडम, तुमच्या वेळी असले हुकूम नव्हते. तुम्हाला नाही म्हणायची पाळीच आली नाही." यात राग नव्हता. तिला ते खरंच तसं वाटत होतं, आणि कदाचित ते खरंही होतं.

मी तिला सांगितलं की म्हाताऱ्या माणसाच्या फोनमध्ये पाणीखात्याच्या पडद्याचा फोटो सापडला, तर त्यावरून धाकटीपर्यंत पोचायला कोणालाही वेळ लागला असता. कदाचित पोचलेही नसते. इतक्या लवकर पोचले कारण काचेतला चेहरा कोणीतरी ओळखला. धाकटीला ती माझ्या घरी भेटली होती. एका ताटात जेवल्या होत्या दोघी.

"ओळखला," ती म्हणाली.

"मग झाकलास कशाला?"

तिने आता पहिल्यांदा फोटोकडे पाहिलं. "तुम्ही शिकवलंत म्हणून. हात आपोआप गेला."

"आणि नाव?"

"त्यांनी नाव विचारलं होतं. चेहरा नाही."

समोरच्या काउंटरवर कोणीतरी शिक्के मारत होतं. मी विचारलं की भावोजींना तासन्‌तास खुर्चीत बसवणारा सापडला का. तिने मान हलवली. त्या कॉलचा नंबर अजून कोणी पाहिलेला नव्हता. तक्रार रांगेत होती.

मी फोटो परत लिफाफ्यात घातला. तिने विचारलं, मॅडम, तुम्ही माझं नाव सांगणार का. मी हो म्हटलं. तिने मान खाली घातली. चौकशीत येऊन हे सगळं स्वतः सांगशील का, असं मीही तिला विचारलं. त्याचं उत्तर तिने दिलं नाही, पण ती उठून आत गेली त्यावरून ते मिळालं.

दारापर्यंत जाऊन ती वळली. "मी तपासणीत खोटं काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "मूळ फोटो अस्सल आहे असं लिहिलंय. तो आहेच अस्सल."

मी त्या बाकावर जरा वेळ बसून राहिले. ती गेली याचं दुःख होतंच. पण जाता जाता तिने काय म्हटलं होतं ते मला हळूहळू उमगत होतं.

६

सोमवारी धाकटीची मदतनीस म्हणून मला तिच्या शेजारी बसू दिलं. टेबलापलीकडे तिघं अधिकारी होते. त्यांना आमच्याकडून रडारड किंवा माफी अपेक्षित असावी. पाण्याचे पेले भरून ठेवले होते. फोटो तिने काढला का, असं अध्यक्षांनी विचारलं. तिने हो म्हटलं. बाहेर दिला का. हो. त्यांनी समाधानाने लिहून घेतलं आणि तांत्रिक तपासणीचा निष्कर्ष मोठ्याने वाचला: फोटो अस्सल, फेरफार नाही, पडद्यावरचे आकडे मूळचेच.

काय बोलायचं ते आम्ही आदल्या दिवशी ठरवलं होतं, पण ते तिनेच बोलावं असं मी म्हटलं होतं.

"साहेब, हे तुमच्याच तज्ज्ञांनी लिहिलंय," धाकटी म्हणाली. "आकडे मूळचे असतील तर त्या दिवशी पाण्यात शिसं चौपट होतं आणि खात्याचा छापील अहवाल खोटा आहे. अहवाल खरा असेल तर हा फोटो खोटा, आणि खोट्या फोटोतून मी कोणती माहिती बाहेर दिली? यांतलं कोणतं एक लिहायचं ते तुम्ही ठरवा. जे लिहाल त्याखाली मी सही करते."

अध्यक्षांनी पेन टोपणात घातलं. पुन्हा काढलं. तिघं बाहेर गेले, बराच वेळ बाहेर राहिले. परत आले तेव्हा चौकशी तूर्त थांबवल्याचं सांगितलं, आणि त्या वस्तीचं पाणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्यायचं ठरलं. फोन कोणाचा, कोणत्या परवानगीने उघडला, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगू लागलो तर तो या चौकशीचा विषय नाही म्हणाले. त्याची वेगळी तक्रार मी त्याच दुपारी केली. भावोजींनी तिच्यावर सही केली, या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून. आरोपीच्या रकान्यात मी भिंगाचं पूर्ण नाव लिहिलं. कितीतरी वर्षांत ते माझ्या हातून लिहिलं गेलं नव्हतं.

धाकटीला मी सगळं खरं सांगितलं होतं, भावोजींची खुर्चीसुद्धा, त्यांना विचारूनच. ती खूप रडली. मग बॅग भरायला लागली आणि म्हणाली, माझ्याबरोबर ये, एकटीने दार वाजवायचा धीर होत नाही.

जावयाने दार उघडलं. बॅग तिच्या हातातून घेतली, आत नेऊन ठेवली. चहा टाकतो म्हणाला. ती म्हणाली, नको, आधी बस. मग तिने त्याची माफी मागितली. आडपडदा न ठेवता, काय केलं, केव्हा केलं, काय वाचलं, सगळं सांगून. मी खिडकीकडे बघत बसले. अशा वेळी मावशीने असावंही आणि नसावंही.

त्याने ऐकून घेतलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"बाबांचा फोन उघडायला निदान त्यांची सही तरी घ्यावी लागली," तो म्हणाला.

 त्याने खिशातून फोन काढला, कुलूप उघडलं, आणि तो तिच्यासमोर टेबलावर ठेवला, पडदा वर करून. "बघ. आता रोज असाच ठेवत जाईन. लपवण्यासारखं काही नाहीच आहे." आवाजात टोमणाही नव्हता. तो चहा टाकायला आत गेला.

पातेल्याचा आवाज आला, नळाचा आला. फोनवर त्याचे निरोप दिसत होते, सगळ्यात वर त्याच्या आईचा, त्याखाली कोणा पाइपवाल्याचा. धाकटीने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. तेवढ्यात एक नवा निरोप आला आणि पडदा उजळला. तिने मान फिरवली, पण त्याआधी तिचे डोळे जाऊन आले होते. ते मी पाहिलं. तिनेही, मी पाहिलेलं पाहिलं.